साताऱ्याचा किल्ला व जतचे डफळे

सातारच्या किल्ल्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी त्यास राजधानीचा मान दिला, औरंगजेब बादशहाने स्वतः येऊन त्यास वेढा घातला, शाहू महाराजांचा राज्याभिषेक तेथे झाला, या गोष्टी शाळेतील मुलांसही ठाऊक असतात. तथापि सन १७०० च्या एप्रिल महिन्यात या किल्ल्याच्या ईशान्य बाजूस जे खिंडार पडले, त्यात सर्वांआधी शिरणारा वीर बादशाही फौजेतील कोणी तुराणी किंवा राजपूत नव्हता. तो आपल्याच मुलखातील, जतच्या डफळे घराण्यातील एक मराठा होता. या गोष्टीचा स्वतंत्र विचार केलेला आमच्या पाहण्यात फारसा आलेला नाही. तो करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. सातारा व जत ही दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर खरी. एक सह्याद्रीच्या कुशीतले, दुसरे विजापूरच्या वाटेवरील कोरड्या माळाचे. परंतु त्यांच्या इतिहासाचे धागे कसे एकमेकांत गुंतले आहेत, हे पाहू गेल्यास मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचे एक अवघड अंग उजेडात येते.

१. किल्ल्याचे स्थान व नाव

सातारा शहराच्या दक्षिणेस लागूनच हा डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,३०० फूट असून शहरापासून माथा हजार फुटांच्या आसपास वर येतो. आम्ही गेल्या हिवाळ्यात किल्ला पुन्हा एकवार पायी हिंडून पाहिला. हल्ली दरवाजाजवळपर्यंत मोटारीचा रस्ता गेला आहे व माथ्यावर प्रसारणाचे मनोरे उभे आहेत; तथापि वायव्य कोपऱ्यातील मुख्य दरवाजाची बांधणी, आतील मारुतीचे देऊळ, पाण्याची तळी, ताराबाईंचा वाडा म्हणून दाखविल्या जाणाऱ्या जागेचे पडके अवशेष व ईशान्येकडील मंगळाई देवीचे स्थान ही सर्व अद्याप ओळखता येतात. तटावरून फिरत गेले म्हणजे पश्चिमेस यवतेश्वराचे पठार, नैर्ऋत्येस परळी ऊर्फ सज्जनगड, पूर्वेस जरंडेश्वर व ईशान्येस चंदन-वंदन ही जोडदुर्गांची शिखरे दिसतात. वेढ्याची हकीकत समजून घेण्यास हे चौफेर दर्शन फार उपयोगी पडते. कारण परळीचा किल्ला साताऱ्यास का तारक झाला, हे ग्रंथ वाचून जितके कळते त्याहून अधिक तटावर उभे राहून कळते.

किल्ल्याचा आरंभ शिलाहार भोज दुसरा याच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस झाला, अशी परंपरा आहे. पुढे तो बहामनी व नंतर आदिलशाही सत्तेखाली गेला. विजापूरकरांनी त्याचा उपयोग मुख्यतः राजबंदी ठेवण्यासाठी केला. सन १५८० मध्ये प्रत्यक्ष चांदबिबीस किश्वरखानाने येथेच कैदेत ठेवले होते. सन १६७३ मध्ये किल्ला शिवाजी महाराजांच्या हाती आला.

नावाविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘सातारा’ हे नाव तट, बुरूज व दरवाजे मिळून सतरा होतात त्यावरून पडले, ही लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ती सर्वांस माहीत आहे. ‘अजिंक्यतारा’ हे नाव मात्र मागाहूनचे आहे. संस्कृत व्याकरणाने पाहता ‘जिंकता न येण्याजोगा’ या अर्थी ‘अजय्य’ हा शब्द सिद्ध होतो. शक्यार्थी ‘जय्य’ हे रूप पाणिनीने मुद्दाम सांगितले आहे. ‘अजेय’ हाही शब्द आहेच. ‘अजिंक्य’ हा मात्र मराठी ‘जिंकणे’ या धातूला संस्कृत प्रत्ययाचा साज चढवून झालेला शब्द आहे. म्हणजे हे नाव कोणा पंडिताने पोथीतून काढून दिलेले नसून मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी घडलेले आहे. सन १७०० मध्ये किल्ला घेतल्यावर बादशहाने आपला पुत्र आज्जमशहा याच्या नावावरून त्यास ‘आज्जमतारा’ असे नाव दिले. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. दोन्ही नावांतील ध्वनींचे साम्य उघड आहे. शत्रूने दिलेले नाव पुसून टाकताना त्याचाच आरंभ व शेवट कायम ठेवून मधला अर्थ तेवढा फिरविला, असे आमचे अनुमान आहे. ते ग्राह्य वाटल्यास वाचकांनी घ्यावे.

२. जत आणि डफळे

जत हे हल्लीच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. पाऊस थोडा, माळ मोठा, मराठी व कानडी या दोन्ही भाषा घरोघर चालतात. येथून विजापूर जवळ आहे आणि सातारा दूर आहे. ही भूगोलाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनाचा बराच भार तिच्यावर आहे.

या मुलखास शिवकालात महत्त्व आले ते उमराणीच्या लढाईने. सन १६७३ च्या एप्रिलात प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याची उमराणीनजीक कोंडी केली व त्याच्या फौजेचे पाणी तोडले. उमराणी हे गाव जत तालुक्यातच आहे. एप्रिलच्या उन्हात त्या माळावर पाणी तुटणे म्हणजे काय, हे तो प्रदेश पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. शरण आलेल्या खानास प्रतापरावांनी जाऊ दिले, महाराजांचा त्यावरून रोष झाला, व पुढील वर्षी फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले, हा भाग सुप्रसिद्ध आहे.

डफळ्यांचे मूळ उपनाव चव्हाण. डफळापूर गावची पाटिलकी त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती व त्या गावावरून ‘डफळे’ हे नाव पडले. ते विजापूर दरबारचे मनसबदार होते व जत प्रांताची देशमुखी त्यांच्या घरात होती. घराण्याच्या उत्कर्षाचा मूळपुरुष सटवाजीराव डफळे. जत संस्थानच्या स्थापनेचे साल १६८६ असे दिले जाते. हे साल नुसते पाठ करून भागावयाचे नाही. त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, विजापूर औरंगजेबाच्या हाती पडले व आदिलशाही संपली. ज्या धन्याच्या सनदेवर वतन चालत होते तो धनीच नाहीसा झाला. आणि ज्याने त्यास नाहीसे केले, त्याची फौज दारातच उभी होती. सटवाजीराव बादशाही चाकरीत गेले ते या परिस्थितीत.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सन १६९५ पासून १६९९ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, बादशहाची मुख्य छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. तिला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले होते. हे ठिकाण मंगळवेढ्याच्या प्रांतातील माचणूरनजीक आहे, आणि मंगळवेढा व जत यांच्या हद्दी एकमेकींस लागून आहेत. पुढे बादशहा किल्ल्यांच्या मोहिमेवर निघाला तेव्हाही वजीर असदखान, जनाना व अवजड सरंजाम या छावणीतच राहिला. सारांश, हिंदुस्थानच्या पातशाहीचे ठाणे त्या काळी दिल्लीस नव्हते, आग्र्यास नव्हते. ते जतच्या शेजारी होते.

३. वेढा

जिंजीहून सुटून राजाराम महाराज सन १६९८ मध्ये स्वदेशी आले व पुढील वर्षी त्यांनी सातारा ही राजधानी केली. तेव्हा बादशहानेही आपली नीती बदलली. मराठ्यांच्या फौजा मैदानात हाती लागत नाहीत, त्याअर्थी त्यांचे किल्ले एकामागून एक घ्यावे, असा निश्चय करून तो सन १६९९ च्या ऑक्टोबरात ब्रह्मपुरीहून निघाला. नोव्हेंबरात वसंतगड घेऊन डिसेंबरच्या ८ तारखेस तो साताऱ्याखाली येऊन ठेपला. त्याने स्वतःचा मुक्काम किल्ल्याच्या उत्तरेस करंजे गावी केला. पश्चिमेकडील बाजू शहाजादा आज्जम याच्याकडे, दक्षिण बाजू शर्झाखानाकडे व सुरुंगांचे काम तोफखान्याचा अधिकारी तर्बियतखान याच्याकडे सोपविले.

आत शिबंदी मराठ्यांची. मराठी परंपरेने व ग्रँट डफने ज्याचे नाव सन्मानाने नोंदले आहे तो हवालदार प्रयागजी प्रभू हा शिवाजी महाराजांच्या वेळचा जुना सेवक होता. फार्सी साधनांत तह करणारा किल्लेदार म्हणून सुभानजी याचे नाव येते. या दोन नावांमुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. परंतु शिवाजी महाराजांच्या पद्धतीप्रमाणे किल्ल्यावर एकच अधिकारी नसे. कारभार वाटून दिलेला असे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही नावे एकाच वेळी खरी असण्यास काहीच अडचण नाही.

किल्ल्यावर धान्याचा साठा अल्प होता. दोन महिन्यांत तो संपावयाचा. पण परशुराम त्रिंबक यांनी परळीचा किल्ला धरून तेथून साताऱ्यास रसद पोचविली. ही रसद आज्जमशहाच्या चौकीच्या बाजूने येत असे व शहाजाद्याने तिच्याकडे काणाडोळा केला, असे ग्रँट डफ लिहितो. वरून शिबंदी मोठमोठ्या धोंडी लोटून देई. त्यांनी तोफांइतकाच संहार होई. बाहेर मराठ्यांच्या फौजा बादशाही छावणीभोवती फिरत राहून चारा व धान्य तोडीत. अशा रीतीने वेढा घालणाऱ्यासच वेढा पडल्यासारखी स्थिती झाली.

जानेवारीत बादशाही पगारातील सुमारे दोन हजार मावळ्यांकडून शिड्या लावून किल्ला घेण्याचा एक यत्न झाला, तो फसला. हा प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कड्याला शिडी लावणारा मावळा आणि तटावरून धोंडा लोटणारा मावळा हे एकाच मुलखातले, एकच भाषा बोलणारे, कदाचित एकाच दैवताचा जप करणारे होते. सातारच्या वेढ्यास ‘मोगल व मराठे यांचे युद्ध’ हे नाव आपण सोयीसाठी देतो. लढणाऱ्यांच्या रांगा मात्र इतक्या सरळ नव्हत्या.

४. एप्रिलची तेरावी तारीख

तर्बियतखानाने जो कोपरा निवडला तो ईशान्येचा. ग्रँट डफ हा सन १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला असल्यामुळे त्याने ही जागा डोळ्यांनी पाहिली होती. त्याच्या मापाप्रमाणे येथील एकंदर उंची ६७ फूट. पैकी ४२ फूट सरळ खडक व त्यावर २५ फूट दगडी बांधकाम. म्हणजे किल्ल्याची अत्यंत बळकट बाजूच खानाने हल्ल्यासाठी पसंत केली होती. वरून पाहता आम्हांस याचे एक कारण दिसले ते असे, की खालून खडकाच्या पोटात शिरलेल्या सुरुंग्यास तटावरील माऱ्यापासून येथे काहीसा आडोसा मिळत असावा. युद्धशास्त्रज्ञांनी याचा अधिक विचार करावा.

चार महिन्यांच्या खोदाईनंतर १३ एप्रिल १७०० रोजी दोन सुरुंग उडवावयाचे ठरले. हल्ल्याची तुकडी डोंगराच्या कडेखाली दाटीने उभी केली. तमाशा पाहण्यास बादशहाची स्वारी थाटाने निघाली, आणि ती पाहण्यास शिबंदीचे लोक तटावर गोळा झाले. पहिला सुरुंग उडाला. खडकास भेगा पडल्या, बांधकामाचा मोठा भाग आतल्या बाजूस कोसळला व तटावरील बरेच लोक त्याखाली चिरडले. प्रयागजी प्रभू देवीच्या देवळानजीक ढिगाऱ्यात गाडले गेले. पण त्यांस जिवंत उकरून काढण्यात आले आणि हा शुभशकुन मानून शिबंदीस धीर आला. ग्रँट डफ या देवळास भवानीचे म्हणतो. हल्ली त्या कोपऱ्यावर मंगळाईचे स्थान आहे. भवानी व मंगळाई ही एकाच देवीची नावे त्याने ऐकली असावीत, असे आम्हांस वाटते. जागेचा मेळ चांगला बसतो.

पहिल्या सुरुंगाचे यश पाहून खालील तुकडी आणखी पुढे सरकली. इतक्यात दुसरा, त्याहून मोठा सुरुंग उडाला. पण त्याची रचना चुकली होती. बुरूज आत न पडता बाहेर पडला आणि बादशाही फौजेचे सुमारे दोन हजार लोक जागच्या जागी गाडले गेले.

आमच्या विषयाचा क्षण हाच. तटास सुमारे वीस यार्डांचे खिंडार पडले होते. धूळ व धूर यांत आतील लोक सुन्न झाले होते. बाहेरील लोक तर त्याहूनही अधिक. तेव्हा मोजक्या शूर लोकांनिशी जतचा जमीनदार बाजी चव्हाण डफळे खिंडारातून वर चढला व तटावर उभा राहून त्याने खालील सोबत्यांस हाका मारल्या, की वर या, येथे शत्रूचा मागमूस नाही. जदुनाथ सरकारांनी आपल्या औरंगजेबाच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात फार्सी साधनांवरून ही हकीकत दिली आहे. खालून कोणीही वर गेले नाही. मोर्च्यांतील लोकांच्या काळजाचे पाणी झाले होते. तेवढ्या अवकाशात शिबंदी सावध होऊन खिंडाराकडे धावली आणि वर गेलेले सर्व लोक तेथेच कापले गेले.

त्यानंतरचे वर्णन खाफीखानाने केले आहे. लोकांचे धैर्य खचले असे पाहून ऐंशी वर्षे उलटलेला बादशहा घोड्यावर बसून पुढे आला व प्रेतांचे ढीग रचून त्यांच्या आडोशाने हल्ला करा असे सांगू लागला. कोणी हलेना तेव्हा तो स्वतः पुढे होऊ लागला, पण त्यास आवरण्यात आले. गाडलेल्यांत हिंदू पायदळाचे लोक पुष्कळ होते. आपल्या भाऊबंदांची प्रेते बाहेर काढता येत नाहीत व विधिपूर्वक दहनही करता येत नाही, हे पाहून त्या लोकांनी रात्री मोर्च्यांच्या लाकडी दमदम्यासच आग लावून दिली. लाकडाचा तो डोंगर आठवडाभर जळत होता. बादशहाच्या खर्चाने व चार महिन्यांच्या श्रमाने उभारलेले काम बादशहाच्याच सैनिकांनी आपल्या मृतांची चिता म्हणून वापरले. या एका प्रसंगावरून त्या फौजेच्या अंतरंगाविषयी जितके समजते, तितके मनसबदारांच्या लांबलचक याद्यांवरून समजत नाही.

५. बाजी डफळ्यांचा न्याय

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या पुरुषाविषयी आपण काय म्हणावे?

एक पक्ष म्हणेल, तो फितूर होय. दुसरा पक्ष, विशेषतः घराण्यांच्या बखरी लिहिणाऱ्यांचा, अशा प्रसंगांचा उल्लेखच टाळतो आणि घराण्याने छत्रपतींची सेवा केली तेथूनच हकीकतीस आरंभ करतो. आमच्या मते या दोन्ही रीती इतिहासास सोडून आहेत. पहिलीत न्यायाधीशाची घाई आहे, दुसरीत वारसदाराची लाज आहे.

फितुरी म्हणजे ज्या धन्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमान होणे. डफळे हे पूर्वी आदिलशहाचे चाकर होते, छत्रपतींचे नव्हते. आदिलशाही बुडाल्यावर ते विजेत्याच्या चाकरीत गेले. तेव्हा शब्दाच्या काटेकोर अर्थाने त्यांस फितूर म्हणता येत नाही. ज्या घाटमाथ्यावर व मावळात शिवाजी महाराजांनी वतनदारांस स्वराज्याच्या शिस्तीत आणले, तो प्रदेश निराळा. भीमा-कृष्णेच्या दरम्यानचा, विजापूरच्या दारातला हा प्रदेश निराळा. येथील वतनदारांच्या दृष्टीने राज्य हे बदलणारे व वतन हे टिकणारे होते. हिंगणगाव, बोरगाव, डफळापूर अशा गावांची पाटिलकी ज्याच्या पोटापाण्याची व मानाची गोष्ट आहे, त्यास सिंहासनावर कोण बसला याहून आपली सनद कोण चालवितो याची काळजी अधिक. दोन्ही राजांनी ही गोष्ट ओळखली होती. बादशहा मनसबी व देशमुख्या देत होता. आणि जिंजीच्या संकटकाळी राजाराम महाराजांच्या दरबारासही, महाराजांच्या वडिलांचे धोरण बाजूस ठेवून, वतने व सरंजाम देऊ करावे लागले.

ज्यांना हे एकट्या जतचेच वैगुण्य वाटेल त्यांनी म्हसवडचे माने आठवावे. नागोजी माने कधी इकडे तर कधी तिकडे असे. सन १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपड्यांचा वध त्याच्या हातून झाला, आणि त्याचे मूळ राज्यनिष्ठेत नव्हते, मेहुण्याच्या मृत्यूच्या सुडात होते. सिंदखेडचे जाधवराव तर जिजाबाईंचे माहेर. त्या घराण्यातील लोक बादशाही चाकरीत होते. सारांश, त्या पंचवीस वर्षांत मराठा घराण्यांतून पक्षभेदाची रेघ गेलेली होती, आणि ती कित्येकदा एकाच घराच्या मधोमध गेली होती.

परंतु एवढ्याने आमचे समाधान होत नाही, आणि वाचकांचेही होऊ नये. परिस्थिती सांगितली म्हणजे निवड सांगितली असे होत नाही. तटावरील शिबंदीच्या लोकांनाही वतने होती, बायकापोरे होती, आणि बादशहाचे कौलही त्यांच्यापुढे आलेले होते. वेढ्याच्या मध्यास, शके १६२१ फाल्गुन वद्य ९ रोजी, म्हणजे २ मार्च १७०० रोजी, ज्यांच्यासाठी ते लढत होते ते राजाराम महाराज सिंहगडावर निधन पावले. तरीही त्यांनी पुढे सहा आठवडे किल्ला झुंजविला. ते लोक कोणत्या संस्थानाचे मूळपुरुष झाले नाहीत; प्रयागजी व सुभानजी यांखेरीज बहुतेकांची नावेही आपणांपर्यंत आलेली नाहीत. राज्य हे वतनाहून मोठे आहे ही भावना जर त्या काळी कोणाच्याच ठिकाणी नसती, तर सातारचा किल्ला चार दिवसही टिकता ना. ती होती, सर्वत्र नव्हती. इतिहासकाराने दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

म्हणून आमचे मत असे आहे. बाजी डफळ्यांचे शौर्य निःसंशय आहे. दोन हजार माणसे डोळ्यांदेखत गाडली गेल्यावर त्याच खिंडारात चढणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. त्यांचा पक्ष आमचा नव्हे, म्हणून ते शौर्य लपवू नये. आणि ते शौर्य आमच्या माणसाचे, म्हणून तो पक्ष लपवू नये. खिंडारातून आलेल्या हाकेस ज्यांनी उत्तर दिले नाही ते त्याच बादशहाचे चाकर होते, आणि ज्यांनी शस्त्रांनी उत्तर दिले ते त्यांचे स्वतःचे भाषाबांधव होते. हे सत्य कटू असले तरी ते खोडून काढण्याचा अधिकार आपणांस नाही.

६. पुढील हकीकत

खिंडाराने किल्ला पडला नाही. आठवड्यानंतर सुभानजीने शहाजादा आज्जमच्या मध्यस्थीने बोलणे लावले आणि २१ एप्रिल रोजी किल्ल्यावर बादशाही निशाण चढले. सुभानजीस मनसब मिळाली. लगेच परळीस वेढा पडला व जूनमध्ये तोही किल्ला गेला. थोड्याच वर्षांत परशुराम त्रिंबकांच्या पुढाकाराने सातारा मराठ्यांनी परत घेतला. सन १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला; किल्ला त्यांच्या हाती येण्यास वाईचे शेख मिरा कारण झाले. सन १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांस याच किल्ल्यात अटकेत ठेवले. सन १८१८ च्या फेब्रुवारीत किल्ला इंग्रजांनी घेतला व पुढे प्रतापसिंह महाराजांचे राज्य तहाने स्थापन झाले.

डफळ्यांच्या घरी सटवाजीरावांच्या मृत्यूनंतर, सन १७०६ पासून १७५४ पर्यंत, कारभार येसूबाई डफळे यांच्याकडे होता. औरंगजेबाचा मृत्यू, शाहू महाराजांचे आगमन, दक्षिणेत निजामाचा उदय, पेशव्यांची वाढ, इतकी स्थित्यंतरे एका बाईने एका लहानशा वतनाचे तारू सांभाळून पार केली. ताराबाई व अहल्याबाई यांच्याविषयी आपण अभिमानाने लिहितो. जतच्या या बाईविषयी चार ओळींहून अधिक मजकूर कोठे सापडत नाही, ही गोष्ट संशोधकांस भूषणावह नाही.

आता दैवगती पाहावी. सन १८२० मध्ये इंग्रजांच्या हमीने सातारच्या छत्रपतींचे जे जहागीरदार ठरले, त्यांत अक्कलकोटकर, पंतप्रतिनिधी, पंतसचिव, फलटणचे निंबाळकर यांच्या जोडीस जतचे डफळे व वाईचे शेख मिरा हेही होते. म्हणजे एकशेवीस वर्षांपूर्वी ज्या घरातील पुरुष साताऱ्याच्या तटावर छत्रपतींच्या शिबंदीकडून मारला गेला, ते घर त्याच गादीचे मानकरी बनले. सन १८२७ मध्ये कर्जाच्या फेडीसाठी सातारकर महाराजांनी जतची जहागीर जप्त केली व सन १८४१ मध्ये ती परत दिली. सन १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा करण्याचे ठरल्यावर हे जहागीरदार सरळ इंग्रजांच्या ताब्यात आले. डफळापूरची निराळी जहागीर सन १९१७ मध्ये जतमध्ये मिळाली. दोन्ही मिळून सुमारे ९८० चौरस मैलांचे हे संस्थान सन १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील वर्षी जो नवा जिल्हा बनला त्यात जत गेले. त्या जिल्ह्याचे नाव ठेवले होते ‘दक्षिण सातारा’. सन १९६० मध्ये त्याचे सांगली झाले. विजापूरच्या दारातले गाव, पण कागदोपत्री अकरा वर्षे साताऱ्याचे नाव लावून राहिले.

७. कागदपत्रांविषयी

वरील हकीकतीस आधार कोणते, हे पाहिले असता एक उणीव ठळकपणे जाणवते. बाजी डफळ्यांविषयीचा मजकूर येतो तो फार्सी साधनांतून. म्हणजे ज्यांच्या बाजूने ते लढले त्यांच्या लेखकांकडून. सुरुंगाची व प्रयागजींची हकीकत आपण घेतो ती बहुतांशी खाफीखान व ग्रँट डफ यांच्याकडून. पहिला बादशाही पक्षाचा, दुसरा सव्वाशे वर्षांनंतरचा परदेशी. जे लोक तटावर होते व जे खिंडारात चढले त्यांच्या स्वतःच्या भाषेतला, त्यांच्या स्वतःच्या घरातला शब्द या कथेत जवळजवळ नाही.

तो मुळातच नसेल असे मानण्यास आम्ही तयार नाही. लढाईत पुरुष पडला म्हणजे त्याच्या वारसास बालपरवेशीची जमीन मिळे, वतनाच्या तंट्यात पूर्वजाची कामगिरी करिन्यात लिहिली जाई, महजरावर गोतसभेच्या साक्षी होत. जत, करजगी, बारडोल या बाजूची देशमुखी-देशपांडेपणाची, पाटील-कुलकर्ण्यांची घरे, मंगळवेढ्याकडील गढ्या, आणि साताऱ्याच्या पायथ्याची जुनी प्रभू व मराठा घराणी यांच्या माळ्यांवर अद्याप रुमाल पडलेले आहेत. कित्येक ठिकाणी मोडी वाचणारा घरात कोणी उरलेला नाही; म्हणून ते कागद एकतर देवघरात पुजले जातात किंवा वाळवीच्या स्वाधीन होतात. पूजा व वाळवी यांचा परिणाम संशोधकाच्या दृष्टीने सारखाच.

संग्राहकांस आमची विनंती तीन गोष्टींची आहे. एक, अस्सल कागद विकत घेऊन मूळ ठिकाणापासून तोडू नये. घरमालकाच्या संमतीने छायाचित्रे घ्यावी व कागद कोणत्या गावी, कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी होता याची टीप ठेवावी, कारण कागदाचा शेजार हा अर्धा पुरावा असतो. दोन, केवळ राजे व सेनापती यांच्या शिक्क्यांचे कागद वेचून बाकीचे टाकून देऊ नयेत; बाजी डफळ्यांबरोबर कोण चढले होते हे कळेल तर ते एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या इनामाच्या टिपणावरूनच कळेल. तीन, घराण्यास कमीपणा आणील अशा भीतीने कोणताही कागद दडवू नये. बादशाही फर्मान पेटीत निघाले म्हणून कोणाचे स्वराज्यातील पुण्य कमी होत नाही.

ईशान्येच्या त्या कोपऱ्यावर हल्ली एखादी पाटी लावण्याचा विचार कोणी केल्यास तीवर प्रयागजी प्रभूंचे नाव प्रथम असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्याखाली गाडल्या गेलेल्या दोन हजारांचा आणि बाजी चव्हाण डफळ्यांचा उल्लेख असावा की नसावा, याचा निर्णय सातारकरांनी व जतकरांनी मिळून करावा. आमचे मत विचाराल, तर असावा.